रिले बसवला, पण शेड्युलर कुणाच्या हाती?

रिलेच्या (मुख्य टॉवरचा डेटा कडेच्या मोबाइलांपर्यंत पोचवणाऱ्या छोट्या स्टेशनच्या) नेटवर्कवर एम.टेक.चा प्रोजेक्ट घेतलेली मुलं आधी विचारतात, शेड्युलर म्हणून राउंड रॉबिन (सगळ्यांना आळीपाळीने) घेऊ की प्रपोर्शनल फेअर (चॅनेल चांगला असलेल्याला आधी, पण आजवर कमी मिळालेल्यालाही सांभाळून)? माझ्या मते त्याआधी ठरवायचं ते वेगळंच: पॅकेट कुणाला कधी द्यायचं हे एकटं डोनर बेस स्टेशन (रिलेला डेटा पुरवणारा मुख्य टॉवर) ठरवणार, की रिलेही आपल्यापुरतं ठरवणार?

नागपुरात सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहा. रांगेत दहा जण, त्यातला एक ऑफिसातल्या बारा जणांचं पार्सल न्यायला आलेला. ठेलेवाला ‘एका नंबराला एक प्लेट’ यावर अडून बसला, तर बारा जणांत एकच प्लेट. डोनरवरचं साधं राउंड रॉबिन हेच करतं. नऊ मोबाइल थेट जोडलेले आणि एका रिलेमागे बारा असले, तर थेटवाल्याला दहावा हिस्सा मिळतो, रिलेमागच्याला एकशेविसावा. साध्या प्रपोर्शनल फेअरलाही हा रोग आहेच. रिलेला मागच्या मोबाइलांइतकं वजन द्यावंच लागतं. मॅक्स सी-बाय-आय, म्हणजे ज्याचा सिग्नल सगळ्यात चांगला त्यालाच देणं, तर नकोच. ज्या कडेच्या लोकांसाठी रिले लावला, तेच उपाशी राहतात.

आता मूळ प्रश्न. सगळं डोनरकडे ठेवलं तर दोन्ही टप्प्यांचा (डोनर ते रिले, रिले ते मोबाइल) मेळ छान बसतो. पण रिलेमागच्या मोबाइलच्या चॅनेलची खबर रिलेमार्गे, म्हणजे उशिरा येते. एलटीईत (4जी) निर्णय दर 1 मिलिसेकंदाला, म्हणजे दर सबफ्रेमला. त्यात दोन्ही टप्प्यांना एकच फ्रिक्वेन्सी वापरणारा टाइप 1 रिले (स्वतःचा सेल चालवणारा) आपल्या मोबाइलशी बोलत असताना डोनरचं ऐकू शकत नाही. एफडीडीत (जाण्यायेण्याच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतात तिथे) डोनरचं ऐकायला 10 पैकी जास्तीत जास्त 6 सबफ्रेम मिळतात. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या गर्दीतून चालणाऱ्याची खबर तोवर शिळी होते. खांबावरच्या कॅमेऱ्याला मात्र ही पद्धत चालेल.

रिलेने स्वतः ठरवलं तर खबर ताजी. इथे दुखणं बफरचं (पॅकेटं थांबून राहतात त्या जागेचं): डोनरने भराभर ओतलं आणि पुढचा टप्पा मंद असला, की पॅकेटं रिलेपाशी तुंबतात. बफर किती भरला हे डोनरला कळवत राहायला हवं. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने 2011च्या रिलीज 10 मध्ये आणि 2020च्या रिलीज 16 मधल्या आयएबीतही (5जीतली रिलेची पद्धत) आपल्या मोबाइलांचं शेड्युलिंग रिलेकडेच दिलं. वायमॅक्सच्या रिलेसाठीच्या आयट्रिपलई 802.16जे मानकात (2009) दोन्ही वाटा आहेत. तुलना लिहायची तर ते वाचा.

आणि एक हिशेब आधीच करा. डोनर ते रिले 30 एमबीपीएस, रिले ते मोबाइल 10, दोघं वेळ वाटून घेतात, तर हाती येतात 30×10÷40, म्हणजे 7.5. थेट 8 मिळत असतील तर रिलेकडे वळवूच नका.

मी निवडेन ते असं: डोनरवर वजनदार प्रपोर्शनल फेअर, रिलेवर साधं, बफरला मर्यादा. वजन मात्र ज्यांचा डेटा खरोखर वाट बघतोय अशांच्या संख्येवर ठेवा. बारा जणांच्या ऑफिसात आज आठच आलेले असू शकतात.