चेकडिस्क: स्लॅश एफ की स्लॅश आर?

घरचा जुना पीसी सुरू होतानाच डिस्क तपासायला बसतो. विंडोजची डिस्क तपासायची कमांड, म्हणजे चेकडिस्क (chkdsk), एफ (/f) लावून चालवू की आर (/r), असं एका मित्राने विचारलं.

एफ फाइल सिस्टीमचा हिशेब दुरुस्त करतो, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदी. वीज गेल्यावर बिघडतात त्या बहुधा याच. काम सहसा लवकर उरकतं.

आर हे सगळं करून वर डिस्कचा एकेक सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा, वाचून बघतो आणि खराब निघालेल्यावर खूण करतो, म्हणजे पुढे तिथे काही लिहिलं जात नाही. मोठ्या डिस्कवर अख्खी रात्र जाऊ शकते. आकडा 10 टक्क्यांवर तासभर अडकला तरी बटण दाबू नका. माझा धीर एकदा सुटला आणि पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं! धोकाही आरमध्येच जास्त: मरायला टेकलेल्या डिस्कला ही दमछाक सोसत नाही.

सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज जिथून चालतं तो, तपासायचा असेल तर दोन्ही रीस्टार्टनंतरच चालतात.

पीसी अचानक बंद पडल्यानंतरची कटकट असेल तर एफ. फाइल कॉपी करताना अडकत असेल तर आधी बॅकअप, मग आर. डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल तर दोन्ही नकोत, डेटा उतरवा आणि डिस्क बदला.