हर्णैची गंजलेली पिकअप: वाचवावी की कापावी?

दापोली तालुक्यातील हर्णै येथे २०११ सालची, एमएच-०८ पासिंगची, एक टन माल वाहणारी डिझेल पिकअप विक्रीस आहे. मालकाची अपेक्षा १ लाख १० हजार रुपयांची आहे, तर भंगारवाल्याने तिची बोली ४५ हजारांवर आणून ठेवली आहे. या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी तिची खरी किंमत असावी, आणि ती ठरवण्यासाठी गाडी मेस्त्रींच्या गॅरेजमधील खड्ड्यावर चढवून खालून-वरून तपासली; त्या तपासणीचे हे परीक्षण आहे. गाडी कोणत्या कंपनीची आहे हे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण हा दोष कंपनीचा नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कोणत्याही बंदरावर पंधरा वर्षे राबलेल्या पिकअपखाली वाकून पाहिले, तर थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल.

जुनी गाडी घेताना लोक मालकाला सर्वप्रथम किलोमीटर विचारतात. किनाऱ्यावर मात्र पहिला प्रश्न असा असायला हवा की, या हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरण्याच्या भागात, आजवर काय वाहिले? जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या गाडीचा हौदा चेपतो, घासतो, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात, पण लोखंड शाबूत राहते. आंब्याच्या पेट्यांनी तर गाडीचे काहीच बिघडत नाही. मासळीची गोष्ट वेगळी आहे. बर्फ वितळून निघालेले पाणी मासळीच्या क्रेटमधून खारट होऊन झिरपते, हौद्याच्या फटींतून चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, उतरते आणि तेथे मीठ मागे ठेवून जाते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे असे लोखंड ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा पुरते कोरडे होत नाही. त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे गंजाला वर्षभर खुराक. या पिकअपने सुरुवातीची काही वर्षे हर्णैच्या लिलावातील मासळी दापोली आणि खेडच्या बाजारात नेली, नंतर ती सिमेंट व सळ्यांच्या फेऱ्या करू लागली, आणि अलीकडचे दोन पावसाळे ती फणसाखाली चिखलात उभीच आहे. चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर सडते, हे येथील कोणताही मेस्त्री सांगेल.

बाहेरून पाहिल्यास गाडी हातातून गेलेली वाटते. हौद्याच्या तळाला इतकी भोके आहेत की त्यातून जमीन दिसते, मागचा फाळका एकाच बिजागरीवर लोंबतो आहे आणि दोन्ही दारांच्या तळाशी लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला आहे, जो नखाने टोकरला तरी निघतो. केबिनमधील रबरी मॅट उचलल्यावर ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढे भगदाड निघाले. हे सर्व पाहून तोंड वाकडे करणाऱ्या मला मेस्त्री म्हणाले, “हौद्याकडे बघू नका, भाऊ. हौदा बाजारात मिळतो. चासी बघा.” त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण हौदा बोल्टने बसवलेला असतो, तो उतरवून नवा चढवता येतो, आणि दाराचा पत्रा तर कोणताही डेंटर बदलून देतो. केबिन ज्या ठिकाणी चासीवर टेकते ते चारही माउंट घट्ट होते, म्हणून केबिनची चिंता मी तेथेच सोडली.

चासीसाठी मात्र बराच वेळ द्यावा लागला आणि तो देणे आवश्यकच होते. तारेचा ब्रश, टॉर्च, गोल तोंडाची हातोडी आणि धार गेलेला स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या साहित्यावर ही परीक्षा होते. शाबूत लोखंडावर हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो आणि हातोडी उसळते; सडलेल्या जागी आवाज बद येतो आणि हातोडी तेथेच बसते. उजवी बाजू पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत खणखणीत वाजली. वरवरचा तांबूस गंज होता, पण ब्रश फिरवल्यावर खाली काळेभोर, टणक लोखंड निघाले. डावी बाजू मधल्या क्रॉस मेंबरपर्यंत, म्हणजे चासीच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या आडव्या तुळईपर्यंत, तशीच होती. त्याच्या मागे, पाट्यांचे मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीने चासीवरच्या ज्या आधाराला टांगलेले असते त्या हँगरजवळ, हातोडीचा आवाज एकदम बदलला. ब्रश लावताच खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटू लागले आणि एका जागी स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला.

एकाच बाजूला एवढा गंज का, याचे उत्तर वर हौद्यात सापडले. मासळीचे पाणी साचू नये म्हणून कोणा ड्रायव्हरने हौद्याच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात ड्रिलने एक भोक पाडले होते आणि ते नेमके हँगरच्या डोक्यावर येत होते. पाणी निघून जात होते, पण जात होते चासीवरून. एक वीतभर रबरी नळी लावून ते चाकामागे बाहेर सोडले असते, तर आज हे परीक्षण लिहिण्याची वेळ आली नसती.

दुसरी तपासणी आतल्या बाजूची होती. या चासीचा काही भाग बंद पेटीसारखा आहे आणि पाणी निघून जावे म्हणून त्याच्या तळाला छिद्रे ठेवलेली असतात. ती सर्व तांबड्या मातीने बुजली होती. मेस्त्रींनी तार घालून एक छिद्र मोकळे केले, तेव्हा मे महिन्याच्या मध्यातसुद्धा आतून ओलसर माती पडली. पेटीचा गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरचा रंग चांगला दिसला म्हणून समाधान मानू नये. सुदैवाने येथे छिद्रांच्या कडा अजून जाड होत्या आणि स्क्रू-ड्रायव्हर कुठेही रुतला नाही. विक्रीच्या तयारीत मालकाने एका बाजूला डांबरी लेप मारायला घेतला होता, तो आम्ही थांबवला. गंजावर लेप मारल्याने गंज थांबत नाही, ओलावा आत कोंडला जातो आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांवर पडदा पडतो. ताजा काळा लेप दिसला की तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी, आणि ती मिळाली नाही तर परत फिरावे.

आता कळीचा मुद्दा. पाट्यांचे पुढचे टोक चासीला पक्के जोडलेले असते. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा धक्का दोन्ही तेथूनच चासीत जातात आणि मागचा ॲक्सल जागेवर राहतो तो त्याच्याच भरवशावर. मागचे टोक शॅकलवर झुलते आणि मुख्यतः वजन तोलते. या गाडीत सडलेला आहे तो मागचा हँगर. पुढचा सडला असता, तर मी भंगारवाल्याच्या ४५ हजारांतच मिटवा असे सांगितले असते. मागच्या हँगरची दुरुस्ती होऊ शकते, पण वरून पट्टी ठोकून नव्हे. सडलेला भाग शाबूत लोखंड लागेपर्यंत कापून काढणे, त्याच जाडीची प्लेट बसवणे आणि तिची टोके तिरकी कापणे, जेणेकरून वेल्डिंगची रेघ चासीला आडवी एका रेषेत येणार नाही, ही त्याची पद्धत आहे. आडव्या रेघेवर चासी पुढे तडकते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढल्या आहेत का, एवढे विचारले तरी समोरचा कारागीर किती जाणता आहे हे कळते.

ब्रेकच्या लोखंडी नळ्या चासीला लागून मागे जातात आणि क्लिपखाली त्या सर्वात आधी कुजतात. येथे दोन क्लिपखाली नळी फुगलेली होती. त्या सर्वच्या सर्व बदलाव्या लागतील. या बाबतीत घासाघीस करू नये. पाट्यांच्या पानांमध्येही गंज शिरला आहे, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने पाने एकमेकांपासून फाकली आहेत. पाटे खोलून, साफ करून, नवे यू-बोल्ट टाकून परत बसवता येतील.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तक्रारीला जागाच नाही. थंड इंजिन चटकन सुरू झाले, ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचा भपका आला नाही, गिअर नीट पडतात. जुन्या डिझेल इंजिनाचा हाच चिवटपणा घेणाऱ्याला मोहात पाडतो. बाजारात “इंजिन चालू” एवढ्या दोन शब्दांवर सडलेल्या चासी खपतात.

खर्चाचा अंदाज मेस्त्रींनी असा दिला: चासीचे काम ३० ते ३५ हजार, नवा हौदा ४० ते ४५ हजार, ब्रेक आणि पाटे मिळून सुमारे २० हजार, केबिनचा तळ, दारे व रंग २५ हजार. म्हणजे सव्वा लाखाच्या घरात. मालकाच्या अपेक्षेप्रमाणे घेतल्यास गाडी सुमारे २ लाख ३५ हजारांना पडते. त्याच्यावर साठ-सत्तर हजार घातले तर घाटमाथ्यावरून, सातारा-कराडकडून, जिने समुद्र पाहिलेला नाही अशी चार वर्षांनी तरुण पिकअप येऊ शकते. त्यामुळे १ लाख १० हजारांना हा सौदा परवडणारा नाही. ६० हजारांना तो चांगला आहे आणि ६५ च्या पुढे मी जाणार नाही.

कागदपत्रांची बाजूही याच हिशोबात धरावी लागते. मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस (योग्यता) प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि पंधरा वर्षे ओलांडलेल्या वाहनांसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून वाढलेले आहे; ही गाडी त्या उंबरठ्यावर आहे. चासीवर ठोकलेला नंबर स्पष्ट वाचता येतो ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. येथे तो उजव्या बाजूला होता आणि ब्रश मारल्यावर पूर्ण वाचता आला. तो गंजात गेला असता, तर आरटीओची परवानगी मिळेपर्यंत गाडी दारातच राहिली असती. गाडी मोडीत काढायचीच असेल, तर ती रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तेथे गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नवे मालवाहू वाहन घेताना मोटार वाहन करात केंद्राच्या नियमांप्रमाणे कमाल १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेल्याने दोन्ही रकमा शेजारी मांडून पाहाव्यात.

दुरुस्तीनंतर ही पिकअप बागायतदाराच्या कामाची आहे: बागेतून पेट्या खळ्यावर आणणे, शेणखत वाहणे, तालुक्याच्या ठिकाणी जाऊन येणे. भरलेल्या पेट्या घेऊन रात्रीच महामार्गाने वाशी गाठण्यासाठी मी ती सुचवणार नाही, आणि पुन्हा मासळीला लावायची असेल तर दुरुस्तीचा खर्च करूच नये. ठेवताना मातीवर न ठेवता जांभ्याच्या फरशीवर ठेवावी, चासीची छिद्रे पावसाळ्याआधी आणि नंतर मोकळी करावीत, आणि साफ केलेल्या लोखंडावर झिंक प्रायमर मारावा. जळके काळे तेल फवारण्याची येथे पद्धत आहे. ते गंज अडवते खरे, पण पाट्यांचे रबरी बुश खाते आणि पहिल्या पावसात विहिरीच्या वाटेला लागते.

मालकापुढे एक अट मात्र ठेवली आहे. व्यवहाराआधी हौदा उतरवून डाव्या हँगरचा भाग माझ्या खर्चाने कापून पाहायचा. सड मधल्या क्रॉस मेंबरच्या अलीकडेच थांबलेली निघाली तर ६० हजार रोख. ती क्रॉस मेंबर ओलांडून पुढच्या हँगरकडे गेलेली निघाली, तर कापण्याची मजुरी माझी आणि गाडी त्यांची.