बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतलेलं बंदुकीचं कपाट: पाचपैकी साडेतीन

खानापूर तालुक्यात जंगलाला लागून आमची शेती. रानडुकरं आणि गवे भाताची वाट लावतात, म्हणून वडिलांच्या काळापासून घरात लायसनची बारा बोअर आहे. गावात अजून बऱ्याच घरी बंदूक माजघराच्या खुंटीला आणि काडतुसं देवळीत. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेला माणूस, कोतात, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यात, हत्यार कसं ठेवतात ते बघितलेलं. तरी हे कपाट झालं ते लेकीच्या हट्टानं.

ती मिशिगनला असते. जूनमध्ये पोराला घेऊन येणार म्हणाली आणि पहिलं विचारलं, "आप्पा, बंदूक कुलपात आहे की नाही?" तिकडं ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात नोव्हेंबर 2021 मध्ये 15 वर्षांच्या पोरानं 4 विद्यार्थी मारले. पिस्तूल बापानं चारच दिवस आधी आणलेलं. 2024 मध्ये आई आणि बाप दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा लागली. त्याच वर्षी तिथं कायदा लागू झाला: पोरांचा वावर असेल तिथं बंदूक कुलपाच्या पेटीत, नाहीतर रिकामी करून तिला कुलूप. आपल्याकडं 21 च्या आत लायसन नाही, ठीक आहे. पण 2007 ला गुरुग्रामच्या शाळेत आठवीतल्या पोरांनी वर्गातल्या मुलाला मारलं ते एकाच्या बापाच्या पिस्तुलानं. वयाची अट खुंटीपर्यंत पोचत नाही बघा.

आता कपाट. साडेआठ हजार, खानापूरपर्यंतचं भाडं वेगळं. उंची आतून साडेचार फूट, दुनळी उभी बसते. पत्रा जाड, वेल्डिंग घासून साफ केलेलं, बिजागऱ्या आतून. भिंतीला चार अँकर बोल्ट, तेही आतूनच, त्यामुळं कपाटच उचलून नेणं अवघड. काम चोख.

पण कुलूप! काडतुसांना आत वेगळा कप्पा सांगितला होता, दिलाही. सौ.नं सहज स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली घालून बघितली, तर खट्‌कन उघडला. बाजारातली स्वस्त कुलपं, चार किल्ल्यांत एक लागतेच. कपाट करून देणाऱ्या मालकाला फोन केला तर म्हणतो, "बाहेरचं भक्कम आहे की ओ." लिव्हरचं कुलूप बसवून दिलं, वर चारशे घेतले. हे चारशे मला अजून खुपतात.

दुसरं, आत मखमल लावलीय. दिसायला झकास, पण आमच्या पावसात ती ओल धरते आणि नळीवर तांबेरा चढतो. काढून टाकली. आता तेलाचं फडकं आणि सिलिका जेलच्या पुड्या.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली की कपाट रिकामं. तेवढ्यात सौ.ला तिथं इरकली लुगडी ठेवायची आहेत. मी नाही म्हटलं. लुगड्यांच्या निमित्तानं किल्ली घरभर फिरणार, आणि नातू ती कुठं असते ते दोन दिवसांत हेरणार.