झुलुलँडमध्ये रानकुत्र्यांच्या मागावर: पदरचे पैसे घालून केलेल्या स्वयंसेवेचा अनुभव

आफ्रिकेत जाऊन वन्यजीवांसाठी काम केलं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘सिंहाचा बछडा मांडीवर घेतला का?’ नाही घेतला, आणि जिथे घ्यायला मिळतो तिकडे फिरकूही नका. दक्षिण आफ्रिकेत सिंह बंदिस्त जागेत पोसण्याचा मोठा धंदा आहे. बछडे आईपासून तोडून पर्यटकांच्या आणि भाबड्या स्वयंसेवकांच्या हातात देतात. मोठे झाले की ते शिकारीसाठी नाहीतर हाडांच्या व्यापारात जातात. तिथल्या सरकारनेच नेमलेल्या समितीने २०२१ साली हा धंदा बंद करावा अशी शिफारस केली. त्यामुळे प्राण्याला हात लावायला मिळेल असं ज्याच्या जाहिरातीत आहे, तो कार्यक्रम यादीतून आधी खोडा.

मी गेले ते क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या श्लुश्लुवे-इम्फोलोझी पार्कात, जून-जुलैच्या थंडीत. १८९५ साली राखीव झालेलं, साधारण ९६० चौरस किलोमीटरचं हे जंगल. दक्षिणेकडचा पांढरा गेंडा संपत आला होता तेव्हा जे मोजके उरले ते इथे. १९६०च्या दशकात इथले वनाधिकारी इयान प्लेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथूनच गेंडे पकडून इतरत्र पाठवले. तरीही २०२३ मध्ये देशभरात शिकाऱ्यांनी मारलेल्या ४९९ गेंड्यांपैकी ३२५ एकट्या या प्रांतातले होते. २०२४ पासून पार्कात गेंड्यांची शिंगं कापायला सुरुवात झाली. समोर आलेल्या गेंड्याच्या नाकावर नुसता बुंधा बघून कसंतरीच होतं. गेंड्याचा फोटो काढायचा तर फोनचं लोकेशन बंद आणि तो लगेच कुठे टाकायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी बजावला गेला.

आमचं मुख्य काम रानकुत्र्यांचं. हे आपले ताडोबातले कोळसुंदे नव्हेत. याची जातकुळीच वेगळी: गोल मोठे कान, काळे-पिवळे-पांढरे डाग. जगात साडेसहा हजारांच्या आसपास उरलेत. एके काळी उपद्रवी म्हणून पार्काचे लोकच त्यांना गोळ्या घालत. इथून ते पार संपले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा आणून सोडावे लागले.

रोजचा क्रम असा: पहाटे साडेचारला उठायचं, उघड्या पिकअपच्या मागे ब्लँकेट गुंडाळून बसायचं, टेकाडावर गाडी थांबली की अँटेना डोक्यावर धरून सावकाश गोल फिरायचं. कळपातल्या काही कुत्र्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे सिग्नल पाठवणारा पट्टा असतो; रिसीव्हरमधून त्याची टिकटिक आली की ती दिशा. पण दऱ्याखोऱ्यांत सिग्नल कड्यावर आपटून भलतीकडून येतो, म्हणून आवाज कमी कमी करत नेमकी दिशा हुडकायची, दुसऱ्या टेकाडावरून पुन्हा बघायचं, नकाशावर रेघा मारायच्या. कॉलर बराच वेळ हलली नाही की टिकटिक भराभर व्हायला लागते, म्हणजे कुत्रा बहुधा मेलेला. ती ऐकली की गाडीत कोणी बोलत नाही.

कळप सापडला तर नोंद: वेळ, ठिकाण, किती, कोण, पोट किती भरलेलं, कुणाच्या अंगावर तार आहे का. प्रत्येकाचे डाग निराळे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोटो काढून अल्बमशी जुळवायचे. न सापडला तर ‘सापडला नाही’ अशीही नोंद होते, आणि असे दिवस पुष्कळ असतात. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना केलेल्यांना या कंटाळ्याची चव ठाऊक असेल. फक्त तिथे एक रात्र असते.

सकाळी कळप उठतो तेव्हा मात्र सगळं वसूल. चिवचिवाट करत एकमेकांची तोंडं चाटतात, शेपट्या वर, आणि मग शिंका! बोट्स्वानातल्या कळपांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जितक्या शिंका जास्त तितकी कळप शिकारीला निघण्याची शक्यता जास्त, आणि पुढाकार मुख्य जोडीने घेतला असेल तर थोड्या शिंकांतही भागतं. हे वाचून गेले होते, तरी मोजताना हसू आवरेना.

एक मादी गळ्यात तारेचा फास घेऊन आली. फास लावलेला असतो नायला-इम्पाला या हरणांसाठी, अडकतं कोणीही. डॉक्टरांनी डार्ट मारून तिला झोपवलं. माझ्याकडे श्वास मोजायचं काम होतं, म्हणून पहिल्यांदा एवढ्या जवळ गेले. तार कातडीत रुतून मांस वर आलेलं, आणि अंगाला असा उग्र वास की दोन दिवस जॅकेटला येत होता. कापताना तार ‘टक्’ करून तुटली. नंतर तिला जाड धातूच्या पट्ट्यांची कॉलर घातली, म्हणजे पुढचा फास गळ्याला कापणार नाही.

हे सगळं कशासाठी, तर कुंपणांमुळे. वयात आलेली भावंडं कळप सोडून जोडीदार शोधायला निघतात, पण इथली राखीव जंगलं एकेकटी, चहूबाजूंनी कुंपण घातलेली. म्हणून माणसंच एका जंगलातले नर आणि दुसऱ्यातल्या माद्या उचलून बोमात, म्हणजे तात्पुरत्या आवारात, एकत्र ठेवतात. बेशुद्ध असतानाच त्यांची अंगं एकमेकांवर घासतात, म्हणजे वास मिसळतो आणि जागे झाल्यावर भांडणं कमी होतात. कोणाला कुठे न्यायचं हे ठरतं आमच्यासारख्यांच्या नोंदवह्यांवरून. पैसे कुठे गेले याचं एवढं सरळ उत्तर मला पुरलं.

आता पैशांचं. राहणं, जेवण, गाडीचं इंधन या सगळ्याचे पैसे आपणच भरायचे. विमान आणि व्हिसा धरून खर्च लाखांत जातो. भारतातल्या एका मध्यस्थाने मला मधल्या मध्ये बरीच रक्कम जास्त लावली. थेट संशोधकांच्या गटाशी बोललात तर ती वाचते. शाकाहाऱ्यांचे हाल नाहीत, स्वयंपाक पाळीपाळीने आपल्यालाच करायचा असतो. डरबनमध्ये मसाले, डाळी सगळं मिळतं. माझ्या पाळीला पिठलं-भात झाला आणि एका स्वीडिश मुलाने तीनदा घेतला. कॅम्पला कुंपण नाही, रात्री बाथरूमला जाताना टॉर्च फिरवून डोळे चमकतात का बघायचं. गोचिडी मात्र डोक्याला ताप, रोज संध्याकाळी अंग तपासा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गुडघे-पाठ कुरकुरत असेल तर विचार करून जा, पिकअपचे धक्के जबर असतात. सगळे मोठे प्राणी चार दिवसांत बघायचे असतील तर सरळ सफारी घ्या, स्वस्त पडेल. जाणार असाल तर थंडीत जा. गवत आखूड असतं, कळप पिल्लांमुळे बिळाच्या आसपास राहतो. आणि कानटोपी, हातमोजे न्या. आफ्रिका म्हणून नुसते टी-शर्ट भरून आलेले दोघे पहाटे माझ्याच ब्लँकेटात घुसायचे.