वडगावशेरी ते बावधन, दोन लहान मुलं घेऊन केलेलं शिफ्टिंग

मे महिन्यात (२०२५) आम्ही ह्या पॅकर्स-मूव्हर्सकडून घर शिफ्ट केलं, वडगावशेरीहून बावधनला, म्हणजे पुण्याच्या ह्या टोकाहून पार त्या टोकाला. टू बीएचके, घरात मी, नवरा, सासूबाई, पाच वर्षांची मुलगी आणि नऊ महिन्यांचा मुलगा. पाचपैकी चार स्टार देतेय आणि चारही मनापासून देतेय, एक का कापला तेही लिहितेय. लिहायला उशीर झाला पण त्यामुळे एक बरं झालं की सगळं सामान लागून, काय तुटलं काय हरवलं ते पूर्ण कळून मग लिहितेय.

आधी शिफ्ट का झालो ते सांगते, कारण लहान मुलं असलेले बरेच जण हाच विचार करत असतील. वडगावशेरीत आम्ही सहा वर्षं होतो, माणसं चांगली, भाजी-किराणा सगळं खाली उतरलं की हाताशी. पण नगर रोडचं ट्रॅफिक, समोर आणि मागे दोन्हीकडे बांधकाम, गॅलरीत कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्याच्यावर धूळ. मुलीचा खोकला हिवाळाभर जायचा नाही. आणि लोहगावच्या एअरफोर्स स्टेशनवरून सुखोई उडालं की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, बाळ नुकतंच झोपलेलं असायचं ते दचकून उठायचं, मग परत पाऊण तास मांडीवर. त्यांचं काम त्यांनी करायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही, पण आम्हाला जायला हवं होतं एवढं मात्र कळलं. माझी आई कोथरूडला पौड रोडला राहते, ती दहा-पंधरा मिनिटांवर येईल म्हणून बावधन नक्की केलं.

आता ह्यांच्याबद्दल. तीन ठिकाणी विचारलं होतं. एकाने फोनवरच, घर न बघता, बारा हजार सांगून टाकले. दुसऱ्याने व्हिडिओ कॉलवर घर बघितलं आणि सव्वीस सांगितले. ह्यांनी मात्र माणूस घरी पाठवला. पन्नाशीचे काका, लातूरकडचे, कंपनीत सुपरवायझर. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला की माळ्यावर काय काय आहे. स्टूल घेऊन स्वतः चढले, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, गणपतीचं मखर, जुना कूलर, सगळं वहीत उतरवून घेतलं. म्हणाले भांडणं होतात ती माळ्यावरूनच होतात, आधी कोणी सांगत नाही आणि मग शिफ्टिंगच्या दिवशी गाडीत जागा पुरत नाही. बावधनच्या सोसायटीत सामान कधी चढवू देतात, लिफ्ट केवढी, टेम्पो आत जातो का, हेही विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे स्वतः जाऊन लिफ्ट मोजून आले. सोफा लिफ्टमध्ये बसणार नाही, जिन्याने चौथ्या मजल्यावर न्यावा लागेल, त्याचे पैसे किती, हे सगळं आधीच कागदावर आलं. एकोणीस हजार, पॅकिंग, चौदा फुटी आयशर, चढवणं-उतरवणं, बेड आणि कपाट खोलून परत जोडून देणं धरून, जीएसटी वेगळा. एसी काढायला-लावायला आपला माणूस बघायचा हे पण स्पष्ट सांगितलं. बारा हजारवाल्याने शेवटी किती घेतले असते कोण जाणे.

पण मी ह्यांना निवडलं ते दरामुळे नाही. निघताना काकांनी चपला घालता घालता विचारलं, "वहिनी, त्या दिवशी रात्री बाळाला काय काय लागेल?" मला पटकन सुचेना. तर तेच म्हणाले, "दूध कशात गरम करता, झोपतं कशावर, रात्री काय पांघरता, तेवढं एका जागी काढून ठेवा. ते बॉक्स मी सगळ्यात शेवटी गाडीत चढवतो म्हणजे सगळ्यात आधी उतरतात." दुसऱ्या कोणी हे विचारलं नव्हतं, बाकी सगळे फक्त फ्रिज किती लिटरचा, वॉशिंग मशीन फ्रंट लोड का टॉप लोड हेच विचारत होते.

मग मी तीन खोके केले. एकात बाळाच्या बाटल्या, निर्जंतुक करायचं भांडं, नाचणी सत्त्व, छोटी कढई, इंडक्शन. एकात दुपटी, गोधडी, दोन्ही पोरांचे दोन दिवसांचे कपडे, औषधं. आणि एक लेकीचा, त्यात तिची चित्रांची वही, खडू, बाहुली आणि तिची उशी, कारण त्या उशीशिवाय ती झोपतच नाही. काकांनी त्या तिन्हींवर लाल चिकटपट्टीची फुली मारली.

शिफ्टिंगच्या दिवशी सकाळी आठला पाच जण आले, बोलल्याप्रमाणे. किचन काकांनी स्वतः घेतलं. पॅकिंगमधलं मला फार कळत नाही पण काचेचे ग्लास त्यांनी आडवे न ठेवता उभे ठेवले, प्रत्येकात कागद कोंबून, आणि खोक्याच्या तळाला आधी आमचीच जुनी टॉवेलं घातली. एकही ग्लास फुटला नाही. आणि लोणच्याची बरणी. आईने नुकतंच कैरीचं लोणचं घालून दिलं होतं, चिनी मातीच्या बरणीत, वर दादरा बांधलेला, अजून मुरायचं होतं. एक पोरगा ती तशीच खोक्यात घालायला निघाला तर काकांनी हातातून घेतली, नाकाशी धरली, वास घेतला, हसले, आणि दादऱ्यावरून स्ट्रेच फिल्मचे पाच-सहा वेढे घट्ट दिले. मग माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही गाडीत नको वहिनी, तुम्ही मांडीवर घेऊन बसा, खार सांडला तर फुकट जाईल." बरणी मी खरंच मांडीवर घेऊन बसले, बावधनपर्यंत.

देव, दागिने, कागदपत्रं आम्ही आमच्या गाडीतच नेली, हे तेही सांगतात आणि मीही सांगेन. सासूबाईंनी देव स्वतः ताम्हनात ठेवून, वस्त्रात बांधून घेतले. भरलेला सिलिंडर हे नेत नाहीत, बरोबरच आहे, आमचा तर पाइप गॅस होता म्हणून तो प्रश्न आला नाही, पण नव्या घरी पहिले चार दिवस इंडक्शनवर काढले तेव्हा ते खोकं वर असल्याचं महत्त्व कळलं. फ्रिज आदल्या रात्रीच रिकामा करून बंद करायला सांगितला होता, आणि नव्या घरात उभा केल्यावर चार तास तरी चालू करू नका, आतलं ऑइल खाली बसू दे, हे काकांनी नवऱ्याला दोनदा बजावलं.

लेक सकाळपासून रडवेली होती. तिची खोली रिकामी व्हायला लागली तशी दारातच बसून राहिली. त्यातल्या एका दादाने, वीस-बावीसचा असेल, तिला टेपचं बंडल धरायला दिलं आणि म्हणाला तू सांगशील तिथेच मी टेप लावणार. तासभर दोघांचं ते चाललं. कामाच्या घाईत त्या पोराने हे केलं, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी निघाली साडेबाराला. ड्रायव्हर म्हणाला युनिव्हर्सिटी चौकात पुलाचं काम चालूये, तिथे अडकलो की दोन तास गेले, म्हणून होळकर पुलावरून खडकी, औंध, बाणेर करत हायवेला लागला. इथपर्यंत छान. पण चांदणी चौकात चुकला. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि नवीन पूल-रॅम्पचं सगळं १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं, तेव्हापासून कुठला रॅम्प कुठे उतरतो हे नवीन माणसाला पहिल्या झटक्यात कळत नाही. गाडी वारज्याकडे निघून गेली, वळून यायला अर्धा तास. तेवढ्यात पाऊस आला. ह्या वर्षी मे महिन्यातच पुण्यात नुसता धो धो पाऊस होता, मान्सूनसुद्धा २६ मे लाच येऊन धडकला.

आणि एक स्टार गेला तो इथे. गाद्यांना त्यांनी प्लॅस्टिक कव्हर घातलं नव्हतं, नुसतं पुठ्ठ्याचं कोरुगेटेड गुंडाळलं होतं. उतरवताना ताडपत्री पूर्ण धरली नाही, आमच्या डबल बेडच्या गादीचा एक कोपरा चांगला हातभर ओला झाला. मे महिन्यात रोज पाऊस पडतोय हे सगळ्यांना दिसत होतं, प्लॅस्टिक आणायला काय हरकत होती? दुसरं म्हणजे बेड खोलताना काढलेल्या स्क्रू-बोल्टची पिशवी हरवली. काकांनी ती बेडच्याच फळीला टेपने चिकटवायला सांगितली होती, हे मी स्वतः ऐकलंय, पण कोणीतरी ती दुसरीकडे टाकली. चार जणांनी रिकाम्या गाडीत, खोक्यांत, सगळीकडे शोधली, नाहीच. दोन रात्री आम्ही मोठी माणसं जमिनीवर झोपलो आणि तिसऱ्या दिवशी सुतार बोलावून सहाशे रुपये दिले. तिसरी गोष्ट, निघताना ड्रायव्हरने चहापाण्याचे हजार मागितले. मागितले म्हणजे अगदी अडून बसला. मी कामाला आलेल्या पोरांना जेवायला देणारच होते, दिलंही, पण ठरलेल्या पैशांवर असं अडवून मागणं मला अजिबात आवडलं नाही. काका मध्ये पडले तेव्हा तो गप्प बसला.

पण आता त्याच दिवशीची संध्याकाळ सांगते. लाल फुल्यांची तिन्ही खोकी सगळ्यात आधी वर आली. सोफा, कपाटं, मशीन सगळं खाली पावसात ताडपत्रीखाली थांबलेलं आणि काका म्हणतायत आधी बाळाची खोली. सोसायटीचा नियम होता पाचपर्यंतच सामान चढवायचं, त्या घाईतही त्यांनी हा क्रम मोडला नाही. पाळणा माझ्या माहेरचा आहे, सागवानी, मी आणि माझा भाऊ त्यातच झोपलोय. तो त्यांनी पहिल्यांदा जोडून उभा केला, हाताने दोन झोके देऊन बघितलं, कडी हलतेय म्हणून परत घट्ट केली. सव्वापाचला बाळ त्याच्या पाळण्यात, त्याच्याच गोधडीत झोपलेलं होतं आणि घरात बाकी नुसता पसारा. सासूबाईंनी इंडक्शनवर दूध उतू घातलं, देवापुढे साखर ठेवली. लेक तिच्या उशीवर डोकं ठेवून भिंतीकडे बघत पडली होती, म्हणाली, आई इथे विमान येत नाही का. नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत झोपली. त्या रात्री मला ओल्या गादीचा राग होता, तरी मी काकांना फोन करून थँक्यू म्हटलं.

बावधनबद्दल दोन शब्द, कारण लोक विचारतात. शांत आहे, पण सगळीकडे सारखं नाही. हायवेच्या बाजूच्या बिल्डिंगांना रात्रभर ट्रकचा आवाज येतो, घर बघायला जाल तेव्हा रात्री दहानंतर एकदा जाऊन गॅलरीत उभं राहून बघा, दुपारी कळत नाही. आमचं एनडीएच्या (नॅशनल डिफेन्स अकादमीच्या) डोंगराच्या बाजूला आहे, सकाळी मोर ओरडतो. पाण्याचं मात्र विचारून घ्या. बावधन बुद्रुक २०२१ ला महापालिकेत आलं तरी उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतोच आणि मेंटेनन्समध्ये ते दिसतं. नवऱ्याचं ऑफिस कल्याणीनगरला आहे, मला वाटलं होतं की तो वैतागेल. तर तो वनाजपर्यंत स्कूटर नेतो आणि तिथून मेट्रो. आधी आम्ही रामवाडीजवळ होतो, आता वनाजजवळ, त्याच लाईनची दोन टोकं. रामवाडीपर्यंतचा टप्पा मार्च २०२४ ला सुरू झाला नसता तर आम्ही हा विचारच केला नसता. आता वनाज ते चांदणी चौक मेट्रोलाही जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळालीये, होईल तेव्हा होईल, पण बरं वाटतं. लेकीचा खोकला पावसाळ्यात एकदाच झाला, आठवड्यात गेला. आई दिवसाआड येते.

तक्रारीचं काय झालं तेही सांगायला हवं. स्क्रूची आणि गादीची मी दुसऱ्याच दिवशी फोटोसकट ऑफिसला तक्रार केली. पहिल्या दोन फोनना बघतो बघतो झालं. तिसऱ्या वेळी काकांनाच फोन लावला, त्यांनी मध्ये पडून सुताराचे सहाशे आणि गादी ड्रायक्लीनचे पैसे परत मिळवून दिले, ड्रायव्हरच्या वागण्याबद्दल ऑफिसने माफी मागितली. तीन फोन करायला लागायला नको होते. पण पैसे आले.

तुम्ही बुक करत असाल तर सर्व्हेला जो माणूस येईल तोच शिफ्टिंगच्या दिवशी येणार का हे विचारा, आणि हो म्हटलं तरच ॲडव्हान्स द्या. आमचं सगळं नीट झालं ते काकांमुळे, गाडीमुळे किंवा खोक्यांमुळे नाही. पावसाळ्यात करत असाल तर गाद्यांची प्लॅस्टिक कव्हरं स्वतः आणून ठेवा, दोन-तीनशेत मिळतात.

माझी नणंद दिवाळीनंतर हडपसरहून शिफ्ट होतेय, तिचं पोरगं दीड वर्षाचं आहे. तिला ह्यांचाच नंबर दिलाय आणि काकांचं नाव सांगून ठेवलंय. स्क्रूची पिशवी मात्र स्वतःच्या पर्समध्ये घाल म्हटलं. आणि जाताना तिच्या मांडीवर ठेवायला लोणच्याची अर्धी बरणी काढून ठेवलीये, ह्या वर्षीचं छान मुरलंय.