गुडघ्यावरची हातोडी: प्रसूती अतिदक्षता कक्षाविषयी अभिप्राय

गरोदरपणाच्या तेहतिसाव्या आठवड्यात तीव्र प्री-एक्लॅम्पसियामुळे (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजारामुळे) मला ज्या प्रसूती अतिदक्षता कक्षात राहावे लागले, तिथल्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. दाखल झाले तेव्हा रक्तदाब १७०/११४ होता, डोके ठणकत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. उजव्या बरगडीखाली दोन दिवस दुखत होते, पण आधीच्या दवाखान्यात पित्त म्हणून गोळी देऊन मला घरी पाठवले होते. इथल्या डॉक्टरांनी मात्र त्या दुखण्याबद्दल ऐकताच यकृताच्या आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सच्या तपासण्या करायला सांगितल्या. प्लेटलेट्स ८८,००० निघाल्या, म्हणजे बऱ्याच कमी. ज्यात तांबड्या पेशी फुटू लागतात, यकृताला इजा होते आणि प्लेटलेट्स घटतात त्या हेल्प सिंड्रोमची ती सुरुवात होती.

रक्तदाब १६०/११० च्या वर राहिला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून शिरेतून लॅबेटॅलॉल लगेच सुरू झाले. मात्र तो झपाट्याने उतरला तर वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी होते, हे सांगून डॉक्टरांनी तो टप्प्याटप्प्यानेच खाली आणला. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिले गेले, आधी ४ ग्रॅम आणि मग तासाला १ ग्रॅम. ते शिरेत जाताना सर्वांगाची आग होते, याची कल्पना सिस्टरांनी आधीच दिल्यामुळे मी घाबरले नाही. दर तासाला सिस्टर छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक करत, श्वास मोजत आणि लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहून घेत. औषध अंगात साठू लागले की आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते आणि नंतर श्वास मंदावतो, म्हणून उताऱ्याचे कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशीच ठेवलेले होते. रात्री तीन वाजतासुद्धा ही तपासणी चुकली नाही, आणि या कक्षाचे मोठेपण मला त्यातच दिसले.

बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोनची दोन इंजेक्शने चोवीस तासांच्या अंतराने झाली आणि त्यानंतर सिझेरियन केले, कारण या आजारावर प्रसूती हाच खरा उपाय आहे. मॅग्नेशियम त्यानंतरही चोवीस तास चालू होते.

तक्रार आहे ती घरी सोडण्याबाबत. चौथ्या दिवशी हातात दिलेल्या कागदावर गोळ्या आणि टाके काढण्याची तारीख एवढेच होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब पुन्हा चढू शकतो आणि झटके त्यानंतरही येऊ शकतात, हे कोणीही सांगितले नाही. सहाव्या दिवशी डोके दुखू लागले तेव्हा मला ते जागरणाचे वाटले, पण आईने हट्टाने यंत्र लावायला लावले आणि आकडा १५८/१०४ आला. फोन करताच मला परत बोलावून गोळ्यांचा डोस वाढवला, त्यात दिरंगाई झाली नाही. मात्र डोकेदुखी, अंधुक दिसणे आणि बरगडीखालचे दुखणे ही तीन लक्षणे त्या कागदावर ठळक छापायला हवीत, आणि घरी रक्तदाब कधी व कसा मोजायचा हे बाळंतिणीबरोबर घरच्यांनाही करून दाखवायला हवे.