फेट सिम्युलेशन: नववीच्या धाराविद्युतला वापरलं, मनापासून सांगते वापरून बघा

मी सांगोल्याकडच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. तीन वर्षं झाली, फेटची सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर स्वतः करून बघायचे प्रयोग, वर्गात वापरतेय, आणि ट्रेनिंगला गेलं की शिक्षक मैत्रिणी दरवेळी तेच विचारतात, वेळ जातो का, पोर्शन होतो का, नेट लागतं का. म्हणून आज बसून सगळं एकदाच लिहितेय.

फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा प्रकल्प. २००१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. सुरुवातीला फक्त भौतिकशास्त्र होतं, आता रसायन, जीवशास्त्र, गणित सगळं आहे. पूर्ण फुकट, सिम्युलेशन चालवायला लॉगिनसुद्धा लागत नाही. व्हिडिओ नाहीये हा, हे आधीच सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं अ‍ॅनिमेशन असेल, लावून दिलं की पोरं बघत बसतील. तसं नाही. इथं स्वतः हात लावल्याशिवाय काहीच होत नाही आणि मला ते आवडलं तेच यासाठी.

आता वर्गात काय झालं ते सांगते. नववीला धाराविद्युत हा धडा आहे, विभवांतर, ओहमचा नियम, एकसर जोडणी, समांतर जोडणी. दरवर्षी पोरं सूत्रं पाठ करतात, गणितं सोडवतात, मार्क पण पडतात, पण आत काय चाललंय ते डोक्यात शिरलेलं नसतं. आमच्या वर्गात ४६ मुलं, एक जुना लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर, तोही लाइट असली तर. मी फेटचं सर्किट कन्स्ट्रक्शन किट उघडलं, त्यातलं डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटचं. बॅटरी, वायर, बल्ब ओढून आणायचे आणि टोकाला टोक जुळवायचं, बस. पण जोडायच्या आधी मी फळ्यावर प्रश्न लिहिला: बल्बच्या अलीकडे करंट जास्त असेल, पलीकडे जास्त असेल, की दोन्हीकडे सारखा? हात वर करायला लावले. ३१ जण म्हणले अलीकडे जास्त, कारण बल्ब करंट खातो. सारखा म्हणणारे नऊच. बाकीचे एकमेकांकडे बघत गप्प.

मग एका मुलाला बोलावून सर्किट जोडायला लावलं. बॅटरी आपोआप ९ व्होल्टची येते, बल्बचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १० ओहम. जोडल्या जोडल्या बल्ब पेटला आणि वायरमधून निळे निळे इलेक्ट्रॉन चालायला लागले. सगळा वर्ग पुढं सरकून बघायला लागला. मी म्हणलं आता नीट बघा, बल्बच्या आधी आणि नंतर त्यांचा वेग बदलतोय का. बदलत नव्हता. तरी पटेना, मग करंट मोजणारा अ‍ॅमीटर लावला. अलीकडे ०.९० अँपिअर, पलीकडे पण ०.९०. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात दोनदा पण तोंड उघडलं नसेल तिनं, ती उभी राहून म्हणली, मॅडम मग बल्ब खातो तरी काय?

मी इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न पोरांच्या तोंडून पहिल्यांदा आला. मी लगेच उत्तर दिलं नाही. व्होल्टमीटर बल्बच्या दोन टोकांना लावला, ९ व्होल्ट आले. म्हणलं प्रभार तेवढेच परत येतात पण काहीतरी देऊन येतात, काय ते सांगा. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही, मग एक मुलगा, त्याच्या घरी चार म्हशी आहेत, म्हणला, डेअरीच्या कॅनसारखं मॅडम. भरलेले जातात, रिकामे येतात, कॅन तेवढेच. मला तर अंगावर काटा आला. पुस्तकातल्या कुठल्याच वाक्यानं इतकं स्वच्छ सांगितलं नसतं. ऊर्जा हा शब्द मी त्याच्यानंतर वापरला, आधी नाही.

दुसऱ्या दिवशी दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, करंट अर्धा, ०.४५. समांतर केले, म्हणजे प्रत्येकाला बॅटरीपासून वेगळी वाट दिली, की प्रत्येकात ०.९० आणि मुख्य वायरीत १.८. आधी सगळ्यांनी वहीत अंदाज लिहायचा मगच जोडायचं हा माझा नियम, तो मोडू द्यायचा नाही, कारण अंदाज न लिहिता बघितलं की पोरं म्हणतात हो हो असंच होणार होतं आणि चुकीची कल्पना डोक्यात तशीच राहते. बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरीनं जोडली की बॅटरीवर ज्वाळा येतात, शॉर्ट सर्किट काय ते एका सेकंदात कळतं आणि कुणाचं बोट पण भाजत नाही. नाणं, खोडरबर, पेन्सिल, माणसाचा हात, कुत्रं असल्या वस्तू पण आहेत त्यात, कशातून वीज जाते कशातून नाही हे बघायला पोरांनी रांग लावली होती. आणि एक बारीक गोष्ट, इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून निघताना दिसतात पण पुस्तकात बाण उलटा असतो, तर तिथं एक बटण आहे ते दाबलं की संकेतमान्य धारेचे बाण दिसतात. दोन्ही बघून ही गल्लत कायमची जाते.

आता कमी कुठं पडतं ते पण सांगायला पाहिजे. सिम्युलेशनमधलं जग सरळ असतं. बॅटरी कधी उतरत नाही, वायर कधी ढिली होत नाही. आम्ही नंतर खरे सेल, खरे टॉर्चचे बल्ब घेऊन समांतर जोडणी केली तर दुसरा बल्ब लावल्यावर पहिला जरा मंद झाला. पोरं म्हणली कॉम्प्युटरवर तर मंद झाला नव्हता. रास्त प्रश्न. तिथं अ‍ॅडव्हान्स्ड म्हणून एक भाग आहे, त्यात बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतलाच अडथळा, वाढवायची पट्टी आहे, ती सरकवली आणि परत तसंच जोडलं, तर तिथला बल्ब पण मंद झाला. हा तास माझ्या मते सगळ्यात चांगला झाला. पण म्हणूनच सांगते, खरं किट कपाटात ठेवून नुसतं सिम्युलेशन दाखवू नका. स्क्रू पिळणं, वायरीचं प्लॅस्टिक सोलणं हे हातानंच यायला पाहिजे.

नेटचं म्हणाल तर त्याची काळजीच करू नका. नवीन सगळी सिम्युलेशन एचटीएमएल फाइल म्हणून उतरवून घेता येतात, मी घरी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणते, वर्गात डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये उघडतं. काही जुनी आहेत ती जावा नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांच्या नादी लागू नका. मोबाइलवर पण चालतं पण सर्किटचं किट लहान स्क्रीनवर बोटानं जोडणं अवघड जातं, टॅब असेल तर उत्तम. भाषा बदलून मिळते, बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत, सगळी नाहीत. सर्किटला मी इंग्रजीच ठेवते, शब्दच इतके कमी आहेत त्यात.

हे सगळं इतक्या तळमळीनं लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडे आधी एका कंपनीचं पॅकेज घेतलं होतं, नाव घेत नाही. लोकवर्गणीतून पैसे गोळा झाले होते. त्यात प्रत्येक धड्याचे व्हिडिओ, गोड आवाजात पुस्तकच वाचून दाखवायचं, शेवटी चार पर्यायांचे पाच प्रश्न, बरोबर आलं की टाळ्या. याला ते इंटरॅक्टिव्ह म्हणत होते. वर्षभरात लायसन्स संपलं, परत पैसे मागितले, फोन उचलेनात, आणि गावातल्या लोकांनी दिलेले पैसे गेले ते गेलेच. मला त्याचं आजही वाईट वाटतं. पोरानं काही चुकीचं करून बघितलं तर समोरच्या यंत्रानं त्या चुकीचं काय होतं ते दाखवलं पाहिजे, नुसतं लाल फुली दाखवून उपयोग नाही.

दहावीला समीकरणं संतुलित करायचं सिम्युलेशन पण वापरते. मिथेनच्या ज्वलनाचं समीकरण जुळवताना पोरं पाण्याच्या एचटूओचं एचफोरओ करून मोकळी होतात, सिम्युलेशनमध्ये रेणूची फोड करताच येत नाही, फक्त रेणूंची संख्या वाढवता येते. शेजारी तराजू दिसतो, दोन्ही पारडी समान झाली की झालं. आठवीच्या ‘अणूचे अंतरंग’ या धड्याला बिल्ड अ‍ॅन अ‍ॅटम हे अणू तयार करायचं सिम्युलेशन चांगलं आहे, पंधरा मिनिटांत होतं.

पोर्शनचं खरं सांगते, धाराविद्युतला मला दोन तास जास्त लागले. पण पुढं गणितं सोडवताना ते दोन तास भरून निघाले, एकसर आणि समांतर मधली गोंधळाची वहीच आली नाही तपासायला, म्हणजे जवळजवळ नाहीच. पोरांचे मोबाइल नसले तरी उत्तरं गोळा करायला प्लिकर्सची कागदी कार्डं छापून घ्या, पोरं कार्ड फिरवून धरतात, आपण एका फोननं सगळा वर्ग स्कॅन करतो, अंदाज घ्यायला एकदम सोयीचं.

नवीन सुरुवात करणाऱ्यांना एकच सांगणं, माउस आपल्या हातात ठेवू नका. मी पहिल्या वर्षी ठेवला होता, आणि पोरं नुसती बघत होती. आता रोज हजेरी क्रमांकानं माउसची पाळी असते. परवा त्या मागच्या बाकावरच्या मुलीची पाळी होती, तिनं तीन बल्ब जोडले आणि माझ्या आधी वर्गाला म्हणली, थांबा, आधी वहीत लिहा.